वस्सकाराची विद्या : सत्ताप्राप्तीच्या ग्रंथांचे एक परीक्षण

दुसऱ्या माणसांवर प्रभाव कसा पाडावा, त्यांना आपल्या इच्छेप्रमाणे कसे वागवावे आणि त्यांच्यावर सत्ता कशी मिळवावी, या विषयावरील ग्रंथांना आज मोठी मागणी आहे. आमच्या तरुणांच्या हातीही ते दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सत्तेपासून दूर ठेवण्यात आले, त्यांनी सत्तेचे शास्त्र शिकावे ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि तिची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु कोणतेही शास्त्र स्वीकारण्यापूर्वी ते कोणासाठी व कोणाविरुद्ध रचले गेले, हे तपासून पाहणे अगत्याचे असते. प्रस्तुत लेखात आम्ही अशा काही ग्रंथांचे परीक्षण पालि वाङ्मयातील एका प्रसंगाच्या आधारे करणार आहोत. तो प्रसंग म्हणजे मगधाचा महामात्य वस्सकार याने वज्जींच्या गणराज्याचा केलेला विनाश.

सुत्त आणि अट्ठकथा

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्ताचा आरंभ राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर होतो. मगधराज अजातशत्रू वज्जींवर स्वारी करू इच्छितो. त्याचा अमात्य वस्सकार ब्राह्मण हा त्याचा निरोप घेऊन भगवान बुद्धांकडे येतो. भगवंत त्याला थेट उत्तर देत नाहीत. पाठीशी उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदाला ते सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार सभा भरवितात काय? ते एकदिलाने जमतात, एकदिलाने उठतात आणि एकदिलाने आपली कर्तव्ये पार पाडतात काय? ते प्रस्थापित नियमांना धरून चालतात काय? वडीलधाऱ्यांचा मान, स्त्रियांवर बळजबरी न करणे, चैत्यांचा आदर आणि अर्हतांचे रक्षण या गोष्टी ते पाळतात काय? आनंदाचे प्रत्येक उत्तर होकारार्थी येते. हेच ते सात अपरिहानीय धम्म, म्हणजे ज्यांच्या आचरणाने ऱ्हास होत नाही असे नियम. वैशालीच्या सारंदद चैत्यात ते आपणच वज्जींना शिकविले होते, असे भगवंत सांगतात.

हे ऐकून वस्सकार जो निष्कर्ष काढतो, तो संपूर्ण प्रसंगाचा कणा होय. युद्धाने वज्जी जिंकले जाणार नाहीत. त्यासाठी उपलापन आणि मिथुभेद हेच दोन मार्ग उरतात, असे तो म्हणतो. उपलापन म्हणजे गोड बोलून, देणग्या देऊन वश करणे आणि मिथुभेद म्हणजे आपसात फूट पाडणे. एवढे बोलून तो निघून जातो.

पुढे काय घडले ते सुत्तात येत नाही. ते इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत आले आहे. अट्ठकथा म्हणजे इतिहासाचे दप्तर नव्हे, हे आम्ही जाणतो. जैन आगमांतही या युद्धाची हकीकत वेगळ्या रीतीने येते. तथापि सत्ता कशी मिळविली जाते याचे विवरण म्हणून अट्ठकथेतील कथेला तोड नाही.

कथा अशी आहे. वस्सकाराने मगधाच्या राजसभेत वज्जींची बाजू घेतल्याचे नाटक केले. राजाने त्याचे मुंडन करवून त्याला हाकलून दिल्याचे दाखविले. तो गंगेकडे आला तेव्हा काही लिच्छवींनी बजावले, की हा ब्राह्मण कपटी आहे, त्याला नदी ओलांडू देऊ नका. परंतु आपल्यासाठी बोलल्यामुळेच याच्यावर ही पाळी आली, असा विचार प्रबळ ठरला. त्याला विनिश्चय-महामात्राचे, म्हणजे न्यायदानाचे पद मिळाले. तो न्यायनिवाडा करू लागला आणि राजकुमार त्याच्याकडे विद्या शिकू लागले. त्याचे गुण सर्वांना पटले.

मग एके दिवशी त्याने एका लिच्छवीला बाजूला नेले आणि शेत नांगरता काय, दोन बैल जुंपता काय, एवढेच विचारले. दुसऱ्याने त्या लिच्छवीला विचारले, की आचार्य काय म्हणाले? त्याने खरे ते सांगितले. ऐकणाऱ्याला ते पटले नाही. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी कोणी बाजूला नेते काय, असे त्याला वाटले आणि मने दुरावली. पुढे दुसऱ्या कोणाला जेवणात कोणते कालवण होते असे विचारले गेले. त्यानंतर एकाला, तू दरिद्री आहेस असे अमका म्हणतो, आणि दुसऱ्याला, तू भित्रा आहेस असे तमका म्हणतो, असे सांगण्यात आले. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने जाईनासे झाले. तेव्हा वस्सकाराने अजातशत्रूला निरोप धाडला. वैशालीत रणभेरी वाजली. जे धनवान असतील, जे शूर असतील त्यांनी जमावे, असे म्हणून प्रत्येक जण घरी बसला. भेरी पुन्हा वाजली. वेशी बंद करण्यासाठीही कोणी आले नाही. उघड्या वेशींतून मगधाचे सैन्य आत आले.

या विद्येचे मर्म

या कथेकडे सामान्यतः एकीचे महत्त्व सांगणारी बोधकथा म्हणून पाहिले जाते. आमच्या मते ती याहून अधिक सांगते. पहिली गोष्ट अशी, की आरंभीच्या कुजबुजीत कोणताही आशय नव्हता. नांगर, बैल, कालवण यांत असत्य काहीच नव्हते. भेद निर्माण झाला तो गुप्ततेमुळे. शब्दांत जे नव्हते ते ऐकणाऱ्यांच्या संशयाने भरून काढले. निंदेची पाळी नंतर आली. जमीन आधीच नांगरली गेली होती.

दुसरी गोष्ट अशी, की वस्सकाराने प्रभाव मिळविला तो खऱ्या सेवेने. त्याचा न्याय वाईट होता असे अट्ठकथा म्हणत नाही. म्हणून बाह्य वर्तनावरून उपलापन ओळखता येत नाही. ते ओळखण्याची खूण एकच, आणि ती म्हणजे समोरच्यापासून लपविलेला हेतू. वज्जींच्या न्यायव्यवस्थेचे वर्णन अट्ठकथेतच आहे. आरोपीला विनिश्चय-महामात्रापासून राजापर्यंत सात पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर निर्दोष ठरलेल्याला सोडून देता येत असे आणि दोषी ठरलेल्याला पुढच्या पायरीकडे सोपविले जात असे. न्यायाच्या बाबतीत एवढी सावधगिरी बाळगणाऱ्या गणाने आचार्याच्या शब्दाला मात्र कोणतीही तपासणी ठेवली नव्हती.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सात नियमांपैकी वस्सकाराने पहिल्या दोहोंवरच आघात केला. चैत्य, वडीलधारी माणसे, अर्हत यांना त्याने हात लावल्याचे कथेत कोठेही येत नाही. सभा भरणे आणि एकदिलाने भरणे, एवढेच त्याने मोडले. संथागारात उभे राहून, आचार्यांनी तुला काय सांगितले आणि मला काय सांगितले, असे दोन लिच्छवींनी सर्वांसमक्ष विचारले असते, तर तीन वर्षांचे हे कपट एका सभेत उघडे पडले असते. म्हणजे जी भाषा सभेत बोलायची ती कानात बोलली जाऊ लागली, की एका माणसाची अनेकांवर सत्ता सुरू होते. या लेखात आम्हाला जे म्हणायचे आहे त्याचे सार हेच होय.

एक जुना आक्षेप

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. वज्जींचे बळ कशात आहे हे भगवंतांनी शत्रूच्या अमात्यासमोर बोलून त्यांचा घात केला काय? हा प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. अट्ठकथेचे उत्तर असे, की भगवंतांनी ते अनुकंपेने सांगितले. न सांगते तर वज्जींचा नाश लवकर झाला असता. सांगितल्यामुळे फूट पाडण्यात काळ गेला आणि तेवढ्या अवधीत त्यांना पुण्य करता आले. आचार्य बुद्धघोषांविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हाला म्हणावे लागते, की हे उत्तर समाधानकारक नाही. गणराज्याच्या मरणाला मिळालेली मुदत म्हणजे अनुकंपा, असे मानणे कठीण आहे.

अधिक चांगले उत्तर सुत्तातच आहे. भगवंतांनी आनंदाला प्रश्न विचारले, वस्सकाराला युक्ती सांगितली नाही. जे नियम सारंदद चैत्यात उघडपणे शिकविले होते त्यांचाच पुनरुच्चार त्यांनी केला. जे बळ उघडपणे सांगितल्याने नष्ट होत नाही तेच खरे बळ, असा याचा अर्थ होतो. फुटीचा निष्कर्ष वस्सकाराचा स्वतःचा आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, तो निघून जाताच भगवंतांनी राजगृहाच्या आसपासच्या सर्व भिक्खूंना उपस्थानशाळेत बोलावले आणि संघासाठी तसेच सात अपरिहानीय धम्म सांगितले. फूट पाडण्याचा विचार एकाच्या मनात आला. फुटीवरचा उपाय त्याच दिवसाच्या कथनात सर्वांना देण्यात आला. त्याच सुत्तात पुढे, आपल्या मुठीत काहीही झाकून ठेवलेले नाही आणि संघ आपल्या ताब्यात आहे असे आपण मानत नाही, अशा अर्थाचे भगवंतांचे वचन येते. ज्या ग्रंथाच्या आरंभी सत्तेचा लोभ आहे, त्याच ग्रंथात शास्ता स्वतःची सत्ता नाकारतो. ही रचना योगायोगाची आहे असे आम्हाला वाटत नाही.

कौटिल्याचे संघवृत्त

आता दुसऱ्या बाजूचा ग्रंथ पाहू. कौटिलीय अर्थशास्त्राचे अकरावे अधिकरण संघवृत्त या नावाचे असून ते अवघ्या एका अध्यायाचे आहे. शामशास्त्री यांनी हा ग्रंथ १९०९ साली म्हैसूरहून प्रकाशित केला आणि कंगले यांची संशोधित आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठाने काढली. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यात आम्ही शिरत नाही. पाहण्यासारखे हे, की सैन्य आणि मित्र यांच्या लाभांपेक्षा संघाचा लाभ श्रेष्ठ, असे कौटिल्य आरंभीच म्हणतो. एकवटलेले संघ शत्रूला अजिंक्य असतात, हेही तो मान्य करतो. संघांच्या नामावळीत लिच्छिविक, वृजिक आणि मल्लक येतात. म्हणजे वस्सकार आणि कौटिल्य यांचे निदान एकच आहे.

उपायही तेच आहेत. गुप्तचरांनी संघात शिरून परस्परांचे दोष, द्वेष, वैर आणि कलहाची कारणे हुडकावीत. अमका तुझी निंदा करतो असे सांगून भेद करावा. आचार्याच्या वेषातील हेरांनी विद्या, शिल्प, द्यूत आणि क्रीडा यांवरून तरुणांत भांडणे लावावीत. परंतु या अध्यायातील एक सूचना आमच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. श्रेष्ठ मानल्या गेलेल्यांना हीन मानल्या गेलेल्यांशी एका पात्रात जेवण्यापासून आणि विवाह करण्यापासून परावृत्त करावे, किंवा हीनांना श्रेष्ठांशी तसा व्यवहार करण्यास प्रवृत्त करावे, असे कौटिल्य सांगतो. दोन्ही परस्परविरुद्ध उपाय एकाच हेतूने सुचविले आहेत. रोटी आणि बेटी यांची उतरंड जेथे असते तेथे ती कोणत्याही बाजूने ढकलली तरी भांडण होते, हे या राजनीतिज्ञाला पक्के ठाऊक होते.

जातिव्यवस्था ही कर्मफळाची वा परंपरेची बाब आहे, असे सांगणाऱ्यांना हे एक वाक्य पुरेसे उत्तर आहे. सत्तेच्या शास्त्रात उच्चनीचता ही एक उपयुक्त सामग्री म्हणून नोंदलेली आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात दाखवून दिले, की जातींच्या श्रेणीबद्ध रचनेमुळे तिच्याविरुद्ध सर्वांची एक आघाडी उभी राहू शकत नाही. कारण प्रत्येक जातीला आपल्याखाली कोणीतरी आहे याचे समाधान असते. वस्सकाराला वैशालीत तीन वर्षे खपावे लागले. जेथे उतरंड आधीच तयार आहे, तेथे वस्सकाराचे निम्मे काम झालेलेच असते.

तरीही कौटिल्याशी न्यायाने वागले पाहिजे. अध्यायाच्या शेवटी, संघांनीही अशा कपटांपासून स्वतःचे रक्षण करावे आणि संघप्रमुखाने न्यायी, सर्वांना प्रिय व संयमी असावे, असे तो सांगतो. पण हा उपदेश शेवटच्या काही ओळींपुरता आहे. ग्रंथाचा रोख राजाकडे आहे; संघ हे त्याचे लक्ष्य आहे.

आधुनिक आवृत्त्या

डेल कार्नेगी यांचे मित्र जोडण्याच्या व लोकांवर प्रभाव पाडण्याच्या कलेवरील पुस्तक अमेरिकेत १९३६ सालीच प्रसिद्ध झाले. स्मित करा, समोरच्याचे नाव लक्षात ठेवा, त्याचे ऐकून घ्या, तो महत्त्वाचा आहे असे त्याला मनापासून वाटू द्या, असा त्याचा उपदेश आहे. त्यात वाईट काही नाही. मनापासून हा शब्द कार्नेगी आग्रहाने वापरतात. दोष इतकाच, की मनापासून करण्याची गोष्ट लाभासाठी शिकविली की ती मनापासूनची राहत नाही.

रॉबर्ट ग्रीन यांचे सत्तेच्या अठ्ठेचाळीस नियमांचे पुस्तक १९९८ साली आले. ते कार्नेगींपेक्षा प्रामाणिक आहे, कारण ते सौजन्याचा आव आणत नाही. हेतू लपवावा, काम दुसऱ्याकडून करवून श्रेय आपण घ्यावे, लोकांना आपल्यावर अवलंबून ठेवावे, मित्राच्या मिषाने हेरगिरी करावी, लोकांच्या श्रद्धेच्या भुकेवर आपला पंथ उभारावा, असे त्याचे नियम आहेत. इतिहासातील असंख्य दरबारी प्रसंग त्यांच्या पुष्ट्यर्थ दिले आहेत. वाचताना भुरळ पडते, हे आम्ही नाकारत नाही. दुर्बळाला फसवणूक ओळखायला असे पुस्तक उपयोगी पडेल, हेही खरे. परंतु त्याची मूलभूत कल्पना दरबाराची आहे. वर एक धनी, खाली एकमेकांवर डोळा ठेवून असलेले आश्रित, आणि प्रत्येक जण एकटा. या जगात सभा नाही, मैत्री नाही, समान माणूस नाही. असे पुस्तक वाचून एखादा जण वर चढेलही. पण चढण्याची शिडी तशीच राहील आणि तिच्या खालच्या पायरीवर कोणीतरी तसाच उभा असेल. ज्या समाजाचे ध्येय शिडी मोडण्याचे आहे, त्याला हे शास्त्र पुरणारे नाही.

संघातील वस्सकार

येथवर आम्ही शत्रूच्या नीतीविषयी बोललो. आता आपल्या घरात पाहिले पाहिजे. अन्यथा हे परीक्षण एकांगी होईल. विनयपिटकातील चुल्लवग्गात देवदत्ताची कथा आहे. चमत्काराचे प्रदर्शन करून त्याने राजकुमार अजातशत्रूला वश केले. राजकृपा मिळाल्यावर त्याने संघाचे नेतृत्व आपल्याकडे सोपविण्याची मागणी केली. ती नाकारली गेली तेव्हा त्याने पाच कडक नियमांचा आग्रह धरला. भगवंत ते सर्वांवर लादणार नाहीत हे त्याला ठाऊक होते; आणि लोक आपल्याला अधिक त्यागी समजतील, हा त्याचा हिशेब होता. पाचशे नवदीक्षित भिक्खू त्याच्यामागे गेले. ते वैशालीचे वज्जिपुत्तक होते. वज्जींच्या नगराने बाहेरच्या कपटाची शिकार व्हावी आणि वज्जींच्याच तरुणांनी आतल्या कपटालाही बळी पडावे, हे दुःखद साम्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण इतरांपेक्षा अधिक निष्ठावान असल्याचा देखावा हेही सत्ताप्राप्तीचे एक साधन असते, हा या कथेचा धडा. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनी त्या भिक्खूंना परत आणले ते धम्मोपदेशाने.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले, की भिक्खूसंघाला संसदीय कार्यपद्धतीचे नियम ठाऊक होते. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व तेथे होते. हे उद्धरण आम्ही सारे अभिमानाने देतो. ज्या चुल्लवग्गात हे शलाकाग्रहण वर्णिले आहे, तेथे त्याचे तीन प्रकार दिले आहेत, हे मात्र आम्ही क्वचितच सांगतो. एक गुप्त, एक उघड आणि एक कानात कुजबुजून. पहिल्या व तिसऱ्या प्रकारात, अधर्मवादी अधिक भरले तर मतदान नीट झाले नाही असे ठरवून ते रद्द करण्याची मुभा शलाका वाटणाऱ्याला होती. धम्माच्या रक्षणासाठी ही सवलत दिली गेली असेल. पण तिचा दुरुपयोग होऊ शकतो, हे मान्य केल्याने धम्माचे काही उणे होत नाही. कुजबूज संघाच्या हिताची असली तरी ती कुजबूजच असते. उघड मतदानाचा प्रकार त्याच नियमावलीत उपलब्ध होता, आणि अनुकरण करायचे तर ते त्याचे केले पाहिजे.

विधायक प्रभाव कोणता?

मग दुसऱ्यावर प्रभाव पाडणेच निषिद्ध आहे काय? तसे नाही. अंगुत्तरनिकायात आळवीच्या हत्थक नावाच्या उपासकाची गोष्ट येते. त्याच्याभोवती पाचशे उपासक जमले होते. एवढी माणसे तू कशी एकत्र ठेवतोस, असे भगवंतांनी त्याला विचारले. दान, प्रिय वचन, अर्थचर्या म्हणजे उपयोगी पडणे, आणि समानात्मता ही चार संग्रहवस्तू हे त्याचे उत्तर होते. ज्याला ज्याची गरज त्याला तसे मी जोडून घेतो, असे सांगून त्याने आणखी एक गोष्ट कबूल केली. आपल्या कुळात संपत्ती आहे, दरिद्री माणसाचे लोक असे ऐकून घेत नाहीत, असे तो म्हणाला. कार्नेगींच्या किंवा ग्रीन यांच्या पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही. आपल्या प्रभावामागे आपल्या गुणांखेरीज पैसाही आहे, हे हत्थक शास्त्यासमोर उघडपणे सांगतो, आणि भगवंत त्याची प्रशंसाच करतात.

दान, गोड शब्द आणि उपकार ही तिन्ही साधने वस्सकारापाशीही होती. त्याच्यापाशी नव्हती ती समानात्मता, म्हणजे दुसऱ्याला आपल्या बरोबरीचा मानणे. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याच्यापासून आपला हेतू लपवीत नाही. उपलापन आणि संग्रह यांतील सीमारेषा येथे आहे.

आपल्यापुढील प्रश्न

हे सर्व आम्ही पांडित्यासाठी लिहिलेले नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि काही वर्षांतच दुरुस्त व नादुरुस्त असे शब्द आपल्या वस्त्यांत ऐकू येऊ लागले. १९९८ साली एकत्र आल्यावर महाराष्ट्रातून चार खासदार लोकसभेत गेले; ते ऐक्यही टिकले नाही. प्रत्येक फुटीनंतर आम्ही बाहेरच्या वस्सकाराचे नाव घेतो. बाहेरचा वस्सकार खोटा नाही. तो होता आणि आहे. परंतु त्याच्याकडे बोट दाखवून प्रश्न सुटत नाही. अट्ठकथेतील भेरी दोनदा वाजली होती. न येण्याचा निर्णय लिच्छवींनी आपापल्या घरी बसून घेतला होता.

बाबासाहेबांनी संविधान सभेतील त्याच भाषणात राजकारणातील भक्तीविषयी धोक्याचा इशारा दिला होता. भक्तीचा आणि वस्सकाराच्या विद्येचा जवळचा संबंध आहे. नेत्याला प्रश्न विचारणे पाप ठरले, की त्याच्या कानाशी लागलेला माणूस सर्वांचा धनी होतो. आज ही कुजबूज मोबाईलवरून क्षणार्धात हजारोंपर्यंत पोहोचते. वस्सकाराला लागली ती तीन वर्षे आता लागत नाहीत. म्हणून आमच्या प्रत्येक विहाराने, मंडळाने आणि संस्थेने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. आमची सभा ठरल्या दिवशी भरते काय? जमाखर्च सर्वांसमोर वाचला जातो काय? एखाद्या सहकाऱ्याविषयी कानावर आलेली गोष्ट त्याच्यासमोर विचारण्याची रीत आमच्यात आहे काय? महिलांना सभेत बोलता येते काय, की त्या केवळ वंदनेपुरत्या बोलाविल्या जातात? अध्यक्षाचा शब्द तपासता येतो काय?

वस्सकाराच्या विद्येला प्रतिविद्या नाही. कपटाला अधिक मोठे कपट हे उत्तर मगधाला शोभेल. वज्जींना ते शोभत नाही आणि परवडतही नाही. भगवंतांनी दिलेल्या सात नियमांतील पहिला अगदी सामान्य वाटतो : वारंवार जमा. वैशाली त्याच नियमाच्या पालनाने टिकली आणि त्याच्याच विस्मरणाने पडली. ज्या दिवशी आमच्या सभेला माणसे येणे थांबेल, त्या दिवशी वेशी उघड्या असल्याचे शत्रूला कळविण्याची गरज उरणार नाही.